मंडळी या शब्दाचे तीन अर्थ : रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या मंडळीजीवनाचा आलेख

१

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. जमलेली माणसे, घरची माणसे हा त्याचा सर्वसामान्य अर्थ होय. जुन्या पिढीतील पुरुष पत्नीचे नाव न घेता तिचा निर्देश ‘आमची मंडळी’ असा करीत, हा दुसरा अर्थ. मराठी बायबलाने आणि प्रॉटेस्टंट परंपरेने रूढ केलेला तिसरा अर्थ म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांचा समुदाय, म्हणजेच चर्च. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आयुष्य या तीन अर्थांच्या ओढाताणीत गेले. तिसऱ्या अर्थाच्या मंडळीत प्रवेश करताना त्यांना दुसऱ्या अर्थाची मंडळी काही वर्षे गमवावी लागली. ती परत मिळाल्यानंतर त्यांच्या घरात पहिल्या अर्थाची मंडळी इतकी वाढली की घर आणि चर्च यांच्यातील सीमारेषा पुसट होत गेली. अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी तिसऱ्या अर्थाची चौकटच रुंद करण्याचा प्रयोग आरंभिला आणि तो अपुरा ठेवून ते गेले.

मराठी वाङ्मयेतिहासात टिळकांची ओळख ‘फुलामुलांचे कवी’ अशी स्थिर झाली आहे. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ ही दीर्घकाव्ये, ‘अभंगांजली’तील भक्तिरचना आणि अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ एवढ्यावर त्यांच्या वाङ्मयाची चर्चा बहुधा थांबते. मंडळीचा पाळक या नात्याने त्यांनी काय केले, करुणा ही व्यक्तिगत भावना न राहता समूहाची सवय व्हावी म्हणून कोणते मार्ग चोखाळले, याचा विचार ख्रिस्ती धर्मविषयक लेखनाकडे सोपविला जातो आणि मराठीचा अभ्यासक त्यापासून दूर राहतो. ही विभागणी योग्य नाही. टिळकांच्या बाबतीत मंडळी घडविण्याचे मुख्य साधन मराठी भाषा हेच होते. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा या एका अंगाने आढावा घेतला आहे. या आढाव्यात खानदेशाचेही एक स्थान आहे. ते १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनाशी निगडित आहे.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव तापट, तर आई जानकीबाई कवितेची आवड असलेली, मृदू स्वभावाची. घरातील या दोन टोकांपैकी मुलाचा सारा ओढा आईकडे होता. तो अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच्या लेखी घर संपले. पुढे त्याने घर सोडले व तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले, काही इंग्रजी शिक्षणही झाले. परंतु पदवीपर्यंत शिक्षण गेले नाही.

आईच्या निधनाची ही घटना चरित्रातील एक दुःखद तपशील म्हणून सोडून देता येत नाही. पुढे ख्रिस्ती भक्तिकाव्य लिहिताना टिळकांनी ख्रिस्ताला वारंवार माउलीच्या रूपात पाहिले आहे. विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हणण्याची वारकरी परंपरा त्यामागे आहे, हे उघड आहे. तथापि ही परंपरा स्वीकारणाऱ्या कवीचे स्वतःचे बालपण मातृहीन होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या प्रवचनांत ख्रिस्त हा प्रामुख्याने तारणारा आणि राजा म्हणून येतो. तो आई म्हणून येतो तेव्हा त्याच्याभोवती जमणारा समुदाय आपोआप भावंडांचा होतो. टिळकांच्या मंडळीविषयक कल्पनेचे बीज या रूपकात आहे.

१८८० साली त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठीत अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. लक्ष्मीबाईंचे माहेर विलक्षण सोवळ्याचे होते. वडिलांना विटाळाची अशी काही धास्ती बसली होती की घरात येणारी धान्यासारखी वस्तूही धुऊन घेतल्याखेरीज चालत नसे. स्पर्शाच्या भीतीत वाढलेली ही मुलगी आणि एका जागी न टिकणारा, घरात कळविल्यावाचून निघून जाणारा, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती ठेवणारा हा तरुण, असा तो संसार होता. टिळकांनी अनेक गावी शिक्षकी केली, कीर्तने केली, व्याख्याने दिली. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना काही काळ स्थैर्य लाभले. तेथे त्यांनी ‘ऋषि’ या मासिकाचे संपादन केले. वैदिक वाङ्मयाचा अभ्यास, मूर्तिपूजा व जातिभेद यांविषयीचे वाढते असमाधान आणि आपणच एखादा नवा पंथ काढावा असा विचार, अशी त्यांची या काळातील मनःस्थिती होती.

३

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले असता आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. ती वाचताना मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढील सुमारे दोन वर्षे त्यांनी पत्रव्यवहार, वाचन आणि चिंतन यांत घालविली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा देणारे रेव्हरंड तुकाराम नथोजी हे देशी पाळक होते. परकीय मिशनऱ्याऐवजी आपल्याच भूमीतील पाळकाच्या हातून दीक्षा घेण्याचा हा प्रसंग टिळकांच्या पुढील भूमिकेशी सुसंगत आहे.

या घटनेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. मुलगा दत्तू, म्हणजे पुढे लेखक-संपादक म्हणून प्रसिद्धी पावलेले देवदत्त नारायण टिळक, तेव्हा चार वर्षांच्या आतबाहेरचा होता. पती जिवंत असून संसार नाही, कुंकू आहे पण घर नाही, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षे पंढरपूर, नाशिक आदी ठिकाणी आप्तेष्टांच्या आधाराने काढली. धर्मांतराच्या चरित्रांतून बहुधा धर्म स्वीकारणाऱ्याच्या अंतरीचा प्रकाश वर्णिला जातो. त्या प्रकाशाची सावली कोणावर पडली, हे मराठीत प्रथम लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि ते लिहिताना त्यांनी पतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, स्वतःलाही हुतात्मा केले नाही.

या पाच वर्षांचा टिळकांच्या मंडळीविषयक विचारावर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. नव्या धर्मात त्यांना प्रेमाचा संदेश मिळाला होता, परंतु तो स्वीकारताच त्यांच्या अंगणात वियोग उभा राहिला. एका समुदायात जाणे म्हणजे दुसऱ्या समुदायातून तुटणे, ही तत्कालीन समाजरचनेची अट त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाही. आपण हिंदी राहूनच ख्रिस्ती झालो आहोत, तुकोबांच्या भक्तीच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो आहोत, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. त्याकडे राष्ट्राभिमानाचा आविष्कार म्हणून पाहिले जाते आणि ते खरेही आहे. त्याच्या मुळाशी तुटलेले नाते सांधण्याची एक अगदी घरगुती निकडही होती, असे म्हणावेसे वाटते.

४

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे ते प्रमुख ठाणे होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरल्यापासून या मिशनचा इतिहास सुरू होतो. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरलाच निघाले. मुंबईत जन्मलेले मिशनरी डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या सहवासात टिळकांनी तेथील ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात अध्यापन केले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

नगर जिल्ह्यातील मंडळीचे सामाजिक स्वरूप लक्षात घेतल्याखेरीज टिळकांपुढील प्रश्नाची कल्पना येत नाही. मंडळीत थोडी उच्चवर्णीय कुटुंबे होती. बहुसंख्य सभासद मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार व मांग समाजांतून आलेले होते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयाला आली. त्याच सुमारास प्लेगने थैमान मांडले होते. भूक, रोग आणि जातीचा जाच यांतून आलेल्या माणसांचा हा समुदाय होता. त्यांना अन्न, औषध, शाळा मिळत होती. ती देणारा हात बहुधा परदेशी देणगीच्या आधारावर चाललेल्या संस्थेचा होता. अशा व्यवस्थेत करुणा वरून खाली येते. घेणाऱ्याला ती जगविते, परंतु त्याला देणारा होऊ देत नाही. मिशनवर सर्वस्वी अवलंबून राहणारी मंडळी ही खऱ्या अर्थाने मंडळी होऊ शकत नाही, हा विचार टिळकांच्या मनात याच काळात दृढ होत गेला.

दुसरा प्रश्न पंक्तीचा होता. प्रभुभोजन हा ख्रिस्ती उपासनेतील मध्यवर्ती विधी. एकाच भाकरीचा तुकडा, एकाच द्राक्षरसाचा घोट. युरोपीय मंडळीत या विधीचा अर्थ मुख्यत्वे आध्यात्मिक असेल. परंतु ज्या समाजात पाणी कोणाच्या हातचे चालते यावरून माणसाची पायरी ठरते, तेथे हा घोट म्हणजे समाजव्यवस्थेलाच दिलेले आव्हान ठरतो. ते आव्हान उपासनेच्या तासापुरते स्वीकारणे फारसे अवघड नव्हते. उपासनेनंतर घरी गेल्यावर कोण कोणाच्या चुलीपाशी बसतो, येथे खरी कसोटी होती.

ही कसोटी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. मुलासह त्या पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सुरुवातीस त्यांनी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे राखले आणि टिळकांनी त्यांवर सक्ती केली नाही. हा संयम त्यांच्या चरित्रातील फार मोलाचा भाग आहे. दीक्षेच्या वेळी ज्यांनी पत्नीच्या मताची वाट पाहिली नव्हती, त्यांनी आता तिच्या मनाची वाट पाहिली. लक्ष्मीबाईंच्या विचारात बदल घडला तो प्रवचनाने नव्हे, तर स्वतःशीच केलेल्या विचाराने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी मनाशी घातला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. पंगत आधी आणि धर्मांतर मागाहून हा त्यांचा क्रम मंडळीजीवनाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

५

यानंतर टिळकांचे घर हेच मंडळीचे एक रूप झाले. अनाथ मुले घरात आली आणि घरचीच होऊन राहिली. पाहुणे, विद्यार्थी, कवी, वाट चुकलेले तरुण यांचा राबता असे. टिळक माणसे घेऊन येत आणि त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था लक्ष्मीबाईंना करावी लागे. टिळकांच्या दातृत्वाच्या गोष्टी ‘स्मृतिचित्रे’त विनोदाने रंगविलेल्या आहेत. परंतु त्या विनोदाआड एक आर्थिक सत्य आहे. उदारपणाचा निर्णय एकाचा आणि त्याचा हिशेब दुसरीचा, असे हे घर चालले होते. प्लेगच्या साथीत रुग्णसेवेच्या कामातही लक्ष्मीबाई मागे राहिल्या नाहीत. ज्या मुलीच्या माहेरी धान्यही धुऊन घेतले जाई, तिने साथीच्या रुग्णांना हात लावावा, यापेक्षा मोठा पालट कोणत्या धर्मांतराने घडविला असेल, असा प्रश्न पडतो.

घराप्रमाणेच गाणे हे टिळकांचे मंडळी घडविण्याचे साधन होते. त्यांच्यापूर्वी मराठी मंडळीत गीते नव्हती असे नाही. इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाइली जात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा व देशी पदरचनेचा उपयोग टिळकांपूर्वीच केला होता. टिळकांनी या धारेला अभिजात कवीची शब्दकळा दिली आणि तिला मंडळीच्या उपासनेच्या मध्यभागी आणले. मराठी मंडळ्यांतून आजही वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

या निवडीचे सामाजिक कार्य समजून घेतले पाहिजे. छापील पुस्तकातून पाहून म्हणावयाचे भाषांतरित गीत साक्षर माणसाला गाता येते. शिवाय मराठी शब्दांचे आघात परक्या चालीत बसविताना अर्थाची ओढाताण होते. भजनाची रीत निराळी आहे. एकाने चरण म्हणावा, इतरांनी तो उचलावा, ध्रुपद पुन्हापुन्हा यावे, टाळांनी लय धरावी. अक्षर न ओळखणारी म्हातारी बाईही दुसऱ्या खेपेला त्यात सामील होते. गाणाऱ्याला श्वास घ्यावयास थांबावे लागते तेव्हा शेजारी चरण पुढे नेतो. परस्परांवर विसंबण्याचा हा सराव आहे. अभंग व ओवी हे छंद त्या माणसांच्या कानात जात्यावर, दिंडीत, कीर्तनात आधीच रुजलेले होते. धर्म बदलल्याने कान बदलत नाही, हे टिळकांनी ओळखले होते. मंडळीत सर्वांत कमी शिकलेला माणूस ज्या भाषेत गाऊ शकतो ती मंडळीची भाषा असावी, हे तत्त्व त्यांच्या भजनरचनेतून निष्पन्न होते.

१९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, देशबांधवांपासून तुटू नये, हे विचार त्यांनी तेथूनही मांडले. याच काळात, १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य चालू होते. पोथीप्रमाणे घरोघर एकत्र बसून वाचता येईल असे ख्रिस्तचरित्र मराठी मंडळीला द्यावे, ही त्यामागील प्रेरणा दिसते.

६

टिळकांच्या मंडळीची व्याप्ती चर्चच्या भिंतींपाशी थांबली नाही, याचे ठळक उदाहरण आपल्या खानदेशात घडले. जुन्या खानदेश जिल्ह्याचे विभाजन १९०६ साली झाले आणि जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले. त्यानंतर वर्षभरातच, १९०७ साली, जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते आणि संमेलनाच्या प्रमुख उत्साही मंडळींत टिळक होते. बाप्तिस्म्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती. धर्मांतरित माणसाला आपल्या पूर्वीच्या समाजाचे दरवाजे बंद असण्याच्या त्या काळात एक ख्रिस्ती पाळक मराठी कवींना एका छताखाली आणण्यात पुढाकार घेतो आणि कवी त्याला आपला मानतात, ही साधी गोष्ट नव्हे. नात्यागोत्याने तोडलेला माणूस कवितेच्या मार्गाने पुन्हा जोडला गेला होता.

याच संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने काव्यवाचन केले आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळविली. पुढे ठोमरे काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलाप्रमाणे माया केली. ‘स्मृतिचित्रे’तील ठोमऱ्यांचे चित्र हे बालकवींच्या चरित्राचे एक अस्सल साधन आहे. ठोमरे हिंदूच राहिले. या घरात आश्रय मिळण्यासाठी धर्म सोडावा लागत नव्हता. मंडळीत येणे आणि मायेखाली येणे या दोन गोष्टी टिळक पतिपत्नींनी एकमेकींत गुंतविल्या नाहीत. मिशनच्या आश्रयाविषयी जो आक्षेप सर्वत्र घेतला जाई, त्याला या घराने वादविवादावाचून दिलेले हे उत्तर होते.

जळगावच्या मेहरूण परिसरात राहून मराठी शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांना या प्रकरणाचे भौगोलिक अंतर फार थोडे आहे. ज्या शहरात ठोमऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले, त्याच्याच जवळच्या भादली स्थानकावर ५ मे १९१८ रोजी आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी टिळक गेले. खानदेशात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या वेगळ्या मिशनांच्या कार्यातून. भुसावळ-जळगावकडे क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे आणि पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम होते. टिळक त्यांपैकी कोणत्याही मिशनचे पाळक नव्हते. तरीही मराठीत उपासना करणाऱ्या मंडळीत त्यांचे भजन परके वाटत नाही, कारण त्याची नाळ मिशनच्या नावाशी जोडलेली नाही, भाषेशी जोडलेली आहे. बालकवींमुळे टिळकांचे नाव खानदेशाच्या वाङ्मयीन इतिहासात आले आणि भजनांमुळे ते येथील उपासनेत राहिले. या दोन वाटा आपल्या अभ्यासक्रमात मात्र एकमेकींना भेटत नाहीत.

७

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्ती पत्करून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त भाऊबहीण म्हणून एकत्र यावेत, अशी कल्पना होती. संस्था, पगार आणि पद यांऐवजी बंधुत्व हा तिचा पाया होता. मिशनमधील अनेकांना या प्रयोगाविषयी चिंता वाटणे स्वाभाविक होते. बाप्तिस्मा हे मंडळीचे प्रवेशद्वार मानल्यास, दारातून न येता आत बसलेल्यांना काय म्हणावे? आणि दारच नसेल तर घर कशाने टिकावे? हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. समुदायाला काही एक मर्यादा लागते. शिस्त, सभासदत्व, जबाबदारीची वाटणी यांवाचून सेवा एखाद्या थोर व्यक्तीच्या उत्साहावर अवलंबून राहते आणि ती व्यक्ती जाताच मावळते.

घडलेही तसेच. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. परंतु त्यातील कल्पना सर्वस्वी विरली असे म्हणता येत नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय व युरोपीय माणसांनी आश्रमात समान पातळीवर एकत्र राहण्याच्या त्या प्रयोगाचे टिळकांच्या स्वप्नाशी असलेले नाते स्पष्ट आहे.

८

या आलेखाचे मूल्यमापन करताना दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली सामाजिक आहे. टिळकांनी मंडळीला दिलेले देशी रूप हे प्रामुख्याने संतपरंपरेचे आणि संस्कृतप्रचुर मराठीचे रूप होते. महार-मांग समाजांतून आलेल्या बहुसंख्य सभासदांची स्वतःची गीते, त्यांची बोली, त्यांचे दुःख या रूपात कितपत उमटले, हा प्रश्न आजच्या दलित साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्या समाजासाठी जुन्या परंपरेशी नाते सांधणे हे सर्वस्वी आनंदाचे नव्हते, कारण त्या परंपरेतील कित्येक देवळांच्या पायऱ्यांशीच त्यांना थांबविले गेले होते. वियोगाचे दुःख ब्राह्मण धर्मांतरिताला जसे जाणवले, तसेच ते गावकुसाबाहेरून आलेल्याला जाणवले असेल, असे गृहीत धरता येत नाही. असे असूनही चोखामेळ्याची भक्ती याच परंपरेतील आहे, आणि टिळकांच्या भजनाला सर्वाधिक कंठ याच सभासदांनी दिला, हेही विसरता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा गावोगावच्या मंडळ्यांत, त्यांच्या स्मृतींत आणि गायनपरंपरेत शोधावे लागेल.

दुसरी मर्यादा घरातील आहे. समुदायाविषयी अपार कळवळा असलेल्या या कवीने घरातल्या माणसाला अनेकदा गृहीत धरले. बाप्तिस्मा, दातृत्व, सेवात्याग, असे त्यांच्या आयुष्यातील मोठे निर्णय घरावर येऊन कोसळले. लक्ष्मीबाईंनी प्रत्येक वेळी त्या निर्णयाचा ढिगारा उपसून त्यातून राहण्याजोगे घर उभे केले. म्हणून टिळकांच्या मंडळीचा इतिहास एका नावाने लिहिणे अपुरे ठरते. करुणेची कल्पना टिळकांची असेल. तिची रोजची मशागत लक्ष्मीबाईंनी केली. समुदायात करुणा रुजते ती अशा मशागतीने. उद्या पुन्हा चूल पेटविणारे, पुन्हा पाहुण्याला पाट मांडणारे, पुन्हा आजाऱ्याच्या उशाशी बसणारे कोणीतरी असावे लागते. प्रतिभेला आरंभ करता येतो; सातत्य तिच्या स्वभावात नसते.

याचा वाङ्मयीन पुरावा ‘ख्रिस्तायन’च देते. टिळकांनी आरंभिलेल्या या काव्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून पूर्ण झाले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते, ज्या लिहा-वाचावयास संसारातच शिकल्या, त्यांनी पंडित पतीचे महाकाव्य पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. ग्रंथ त्यानंतर, १९३८ साली प्रसिद्ध झाला. टिळकांचे अध्याय आणि लक्ष्मीबाईंचे अध्याय शैलीने भिन्न आहेत. पहिल्यात कवित्वाचा डौल आहे, दुसऱ्यात सांगण्याचा ओघ आहे. या भिन्नतेकडे काव्याची एकात्मता भंगल्याची खूण म्हणून पाहता येईल. मंडळीजीवनाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ निराळा लागतो. एकाने उचललेला चरण त्याचा श्वास संपताच दुसऱ्याने पुढे नेणे, ही भजनाचीच रीत येथे दिसते. टिळकांनी मंडळीला जी शिकविली, ती त्यांच्या स्वतःच्या मंडळीने, त्या शब्दाच्या जुन्या घरगुती अर्थाने, पूर्ण केली.